पायलागू

परवा माझी नात ऋतू मोबाईल घेऊन माझ्या खाटेवर येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, देखो ना, पोर्तुगाल का वो डिफेंडर रिटायर हो गया." तो माझ्यासारखाच स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी उभा राहून समोरच्याचा खेळ मोडणारा गडी. ऋतूने बोट सरकवत सरकवत मला त्याची सगळी कारकीर्द दाखवली. कोणत्या गल्लीत लहानपणी खेळला, कोणत्या क्लबात किती सामने, पिवळी कार्डं किती, कोणत्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं लिहून ठेवलेलं. एवढंच काय, एकदा चेंडू चुकून स्वतःच्याच जाळ्यात मारला होता, तेही लिहिलेलं. मला एकदम संताप आला. त्या पोर्तुगालवाल्याने माझं काय घोडं मारलंय? काही नाही. पण मीही अठरा वर्षं स्टॉपर होतो. बालाघाटपासून कटंगीपर्यंत आणि किरनापुरापासून लांजीपर्यंत असं एक मैदान नव्हतं जिथे माझी कोपरं सोलली नाहीत. त्यातलं कुणाच्या काय लक्षात आहे? एक शब्द. पायलागू. आजही बाजारात माझ्या वयाचा एखादा म्हातारा भाजीवाला मला हाक मारतो, "अरे पायलागू, वांगी घेऊन जा." आणि मी वांगी घेतो. हा शब्द मला कसा चिकटला ते एकदा नीट लिहून टाकावं, म्हणून हे प्रकरण.

आमचं घर दोन खोल्यांचं आणि पुढे अंगण. माझी माय विड्या वळायची. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानावर कैचीची कचकच यायची. तेंदूची पानं ओली करून पत्र्याच्या फर्म्यावर ठेवायची आणि कापायची. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि बोटं चाललेली. तिची बोटं चालू असताना तिचं तोंडही चालू असे आणि डोळे अंगणात असत. घरात ओल्या पानांचा आणि तंबाखूचा वास कायम भरलेला, इतका की शाळेत माझ्या वह्यांनाही तो यायचा. जेवायला भात आणि लाखोळीची डाळ. कधी वैनगंगेची मासोळी मिळाली तर त्या दिवशी मी मायच्या मागे मागे फिरायचो. मी फुटबॉल खेळायला लागलो तेव्हा मायने काही न बोलता रोज एक वाटी चणे भिजत घालायला सुरुवात केली. सकाळी मैदानावर जाताना ते मूठभर चणे खिशात ओले लागत.

बाबा मँगनीजच्या खाणीत होते, पण ठेकेदाराकडे. आयुष्यभर ठेकेदाराकडेच राहिले. आज काम आहे, उद्याचं उद्या. संध्याकाळी घरी आले की अंगणातल्या दगडावर बसून हात धूत, आणि नखांच्या कडेची काळी रेघ काही जात नसे. मोजकं बोलत. पण एका गोष्टीत ते कुणाचं ऐकत नसत. त्यांच्या लहानपणी, तुमसरकडच्या त्यांच्या गावात, त्यांच्या आजोबांना पाटलाच्या दारासमोरून जाताना वाकून जावं लागे. बाबांनी ते पाहिलेलं होतं. म्हणून आमच्या घरात सणाला, लग्नाला, परीक्षेला जाताना, कधीच कुणी कुणाच्या पाया पडत नसे. विहारात वंदनेला हात जोडायचे, तेवढंच. कुणी पाहुणा सवयीने बाबांच्या पायाशी वाकला तर ते त्याला दंडाला धरून उभा करत आणि म्हणत, "उभा राह्य. या घरात कोनी कोनासमोर वाकत नाही." ते हे रागावून नाही, पण अशा आवाजात म्हणत की पाहुणा घाबरून जाई.

याला अपवाद एक, आणि तो मायचा. आमच्या भागात भाच्याला देवासारखं मानतात. भाचा वयाने केवढाही लहान असो, मामाने त्याच्या पाया पडायचं. चुकून मामाचा पाय भाच्याला लागला तर पाप. लगेच वाकून त्याच्या पायाला हात लावायचा आणि तो हात कपाळाला. मायने बाकी सगळं बाबांचं ऐकलं, हे ऐकलं नाही. "माह्या पोरीचा पोरगा हाये तो," ती म्हणायची, "त्याच्यात तुमचं पाटील-फाटील आनू नोका." बाबा अशा वेळी उठून बाहेर जात.

माझी थोरली बहीण शेवंता, आम्ही तिला बाई म्हणायचो, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठी. ती लांजीला दिलेली. जावयांचं तिथे सायकलचं दुकान, चांगलं चाललेलं. तिचा विलास माझ्याहून तीनच वर्षांनी लहान. उन्हाळ्याची सुटी लागली की बाई त्याला आमच्याकडे सोडून जायची आणि तो शाळा सुरू होईपर्यंत आमच्या अंगणात असायचा. फुटबॉल त्याला मी शिकवला. हे मी ठासून लिहितो, कारण नंतर त्याच्या सत्कारांमध्ये हे कुणी सांगितलं नाही, आणि त्यानेही नाही. दोन विटा ठेवून गोल करायचो. तो मारायचा, मी अडवायचो. आता अंगणात फुटबॉल खेळताना पायाला पाय लागणारच. लागला की सुपावरून मायची हाक यायची, "धनू, पाया पड! भाचा हाये तो!" मी वाकायचो, हात लावायचो, कपाळाला न्यायचो, परत खेळायचो. पुन्हा पाय लागला, पुन्हा वाकलो. एका दुपारी वीस-वीस वेळा. पुढे पुढे मायच्या हाकेचीही गरज राहिली नाही. पाय लागला की पाठ आपोआप वाकायची.

विलासने ते फार लवकर हेरलं. तो सात-आठ वर्षांचा असेल. चेंडू मी काढून घेतला की तो ओरडायचा, "मामा, पाय लागला!" मी वाकलो की चेंडू उचलून विटांच्या मधून पार. मग टाळ्या वाजवत अंगणभर नाचायचा. माय हसायची. मीही हसायचो. लबाड पोट्टा म्हणून आम्हाला त्याचं कौतुक होतं. आज ते हसू आठवलं की मला स्वतःचाच राग येतो.

मोठा झालो तसा मी वॉर्डाच्या संघात स्टॉपर झालो. स्टॉपरचं काम कुणाला दिसत नाही, हे मी तेव्हाच शिकलो. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेत, नारळ देत, भोंग्यावर त्याचं नाव तीन-तीनदा पुकारत. ज्याने नव्वद मिनिटं गोल होऊ दिला नाही त्याला कुणी पाणीही विचारत नसे. मला त्याची चीड यायची, पण कामाचा अभिमानही होता. समोरचा धावत येतो, त्याचे खांदे एकीकडे जातात आणि पाय दुसरीकडे. त्याच्या खांद्यांकडे बघायचंच नाही, फक्त चेंडूकडे बघायचं. मी त्यात तरबेज होतो. माझ्या अंगावरून चेंडू गेला तरी माणूस गेला नाही, माणूस गेला तरी चेंडू गेला नाही, असं आमचा कप्तान म्हणायचा.

मी एकविसाव्यात होतो तेव्हा खाणीच्या संघाचा स्टॉपर वयामुळे थांबला. खाणीच्या संघात घेतलं की खाणीत नोकरी, आणि तीही पर्मनंट. हा शब्द आमच्या घरात बाबा क्वचितच उच्चारत, आणि उच्चारला तर हळू. खाणीचे खेळाचे साहेब त्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेची फायनल बघायला येणार आणि तिथूनच एक मुलगा उचलणार, असं कळलं. आम्ही फायनलला पोचलो. समोर लांजीचा संघ आला, आणि लांजीचा सेंटर फॉरवर्ड होता विलास.

बाहेरून येणारे खेळाडू तेव्हा कुणाच्या ना कुणाच्या घरी उतरत. विलास साहजिकच आमच्याकडे उतरला. मायने मासोळी केली. मला आणि त्याला एकाच ताटात वाढलं आणि मोठा तुकडा त्याच्या बाजूला सरकवला. मी म्हटलं, "माय, उद्या मीच त्याले अडवनार हाओ, मले दे." तिने माझ्या हातावर चापट मारली. विलास हसत होता. जेवता जेवता बाबांनी त्याला विचारलं, "तुले खानीत नोकरी पाहिजे का रे?" तो म्हणाला, "नाही आबाजी, माह्या बापाचं दुकान हाये नं. मामाले भेटू द्या." हे त्याचे शब्द. मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना मायने मला त्याच्या पाया पडायला लावलं. मी पडलो. बाबा त्या दिवशी कामावर गेले नव्हते. पांढरा शर्ट घालून ते आमच्या आधीच मैदानावर जाऊन बसले होते, साहेबांच्या खुर्च्यांच्या मागच्या बाजूला, उन्हात.

तो माझा सगळ्यात चांगला सामना होता. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. त्या दिवशीचे अजून दोघे-चौघे जिवंत आहेत, त्यांना विचारा. विलासला मी एकदाही फिरू दिलं नाही. त्याचे सगळे डाव मला पाठ होते, मीच शिकवलेले होते. हाफटाइमला कप्तान येऊन म्हणाला की साहेब माझ्याकडे बोट दाखवून कुणाशी तरी बोलत होते. शेवटची पाच-सहा मिनिटं राहिली. गोल कुणाचाच नाही. लांजीचा एक लांब चेंडू आला, विलास सुटला, आणि मी घसरत जाऊन त्याच्या पायातून चेंडू अगदी साफ काढला. तो पडला. मी आधी उठलो. चेंडू माझ्यापासून दोन पावलांवर, मागे फक्त गोलकीपर. पंचाची शिटी नाही. एक लाथ मारायची आणि चेंडू मैदानाबाहेर. एवढंच काम होतं.

विलास गवतात बसूनच ओरडला, "मामा, पाय लागला!"

आणि मी वाकलो. मी वाकायचं ठरवलं नाही, विचार केला नाही, माझी पाठच वाकली. हात पुढे गेला, आणि तिथे पाय नव्हताच, विलास केव्हाच उठून चेंडूमागे गेला होता. माझा हात गवताला लागला. मी तोच हात कपाळाला नेला तेव्हा मागे चेंडू जाळ्यात गेला होता आणि लांजीवाल्यांचा आरडाओरडा सुरू झाला होता. तीन हजारांच्या मैदानात क्षणभर कुणाला कळलं नाही की हे काय झालं, आणि मग कळलं. मग जे हसणं सुरू झालं ते मी आजही ऐकू शकतो. भोंग्यावरचा माणूसदेखील हसत होता. कुणीतरी ओरडलं, "पायलागू!" आणि दुसऱ्याने ते उचललं, आणि मग अख्ख्या मैदानाने.

ऋतूला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने एकच विचारलं. "सीटी बजी थी क्या?" मी म्हटलं, नाही. "फिर तो गोल है, आजोबा." ती स्टॉपर आहे, तिला मीच शिकवतो, आणि शिटी वाजेपर्यंत थांबायचं नाही हे तिला मीच पहिल्या दिवशी सांगितलेलं आहे. गोल होता. मला ते ठाऊक आहे. म्हणून काही राग कमी होत नाही.

सामना संपल्यावर साहेबांनी मला बोलावलं. मी मान खाली घालून उभा राहिलो. ते शेजारच्या माणसाकडे बघत म्हणाले, "हमें डिफेंडर चाहिए था, पुजारी नहीं." आजूबाजूचे हसले. मग ते विलासकडे वळले आणि त्याचं नाव-गाव विचारू लागले, आणि विलासने सांगितलं. वडिलांचं दुकान आहे, मला नको, हे तेव्हा त्याच्या तोंडून निघालं नाही. मी वाट पाहत उभा होतो. निघालं नाही.

घरी बाबा माझ्याशी बोलले नाहीत, मायशी बोलले. "सारी जिंदगी सांगून राह्यलो," ते म्हणाले, "वाकू नोका, वाकू नोका. आन माह्या पोरानं साऱ्या गावासमोर मान खाली घातली." मायची कैची थांबली. ती म्हणाली, "भाच्याच्याच पाया पडला नं. चोरी तं नाही केली." बाबांनी ताट सरकवलं आणि उठून गेले. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या घरात विडीचं सूप भरल्या पानांसकट तसंच पडून राहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी बाबा मला म्हणाले, "सायकल काढ." कुठे जायचं ते सांगितलं नाही. मी चालवत होतो, ते मागे कॅरियरवर. वाटेत त्यांनी फक्त डावीकडे, उजवीकडे सांगितलं, आणि आम्ही साहेबांच्या बंगल्यासमोर थांबलो. मला फाटकाबाहेर उभं करून ते आत गेले. साहेब व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते, पाय लाकडी स्टुलावर. बाबा त्यांच्या हिंदीत म्हणाले, "साहब, लड़का अच्छा है. एक गलती हो गया." साहेब पेपरातून न बघता म्हणाले, "देखेंगे." बाबा तिथेच उभे राहिले. मला वाटलं, आता ते वळतील. ते वाकले. पांढरा शर्ट पाठीवर ताणला गेला, आणि त्यांनी दोन्ही हात, नखांत काळी रेघ असलेले ते हात, साहेबांच्या पायांना लावले. साहेबांनी पाय मागे घेतले नाहीत. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

परत येताना बाबांनी हातपंपाशी सायकल थांबवायला लावली आणि हात धुतले. बराच वेळ धुतले. मग म्हणाले, "तुह्या मायले सांगू नोको." मी सांगितलं नाही. माय गेली तोपर्यंत तिला ते माहीत नव्हतं.

आठवड्याभरात विलासचं नाव लागलं. तो पेढे घेऊन आला. बाबा त्याला बघून मागच्या दाराने निघून गेले. मायने मला डोळ्यांनी खुणावलं, आणि मी वाकलो. पुढची चाळीस वर्षं, दर दिवाळीला, दर लग्नकार्यात, मी वाकत राहिलो. माय होती तोवर मायसाठी, आणि ती गेल्यावर बाईसाठी. त्याच्या नडगीवर एक वण आहे, माझ्याच बुटाचा, त्या घसरण्यातला. दरवेळी माझी बोटं तिथून जायची. मी पुढे पंधरा वर्षं खेळलो आणि प्रत्येक मैदानावर, मी कुणाला पाडलं की लोक ओरडायचे, "पाय लाग रे, पाय लाग!" पोटासाठी मी त्याच खाणीत ठेकेदाराकडे लागलो, बाबांच्या जागी. सुटी झाल्यावर गेटवर विलास स्कूटर थांबवायचा आणि म्हणायचा, "बसा नं मामा." मी पायी यायचो. मला त्याच्यावर राग होता, साहेबांवर होता, त्या हसणाऱ्या लोकांवर होता. पण गोल गेला त्याचा नव्हता. गोल मी कधीच सोडून दिला असता.

या वर्षी विलास खाणीतून रिटायर झाला. सत्कार झाला, शाल, श्रीफळ, खेळाडू म्हणून भाषणं. दुसऱ्या दिवशी तो बाईला गाडीत घालून आमच्याकडे आला. बाईला आता ऐकू कमी येतं. विलास खाटेवर बसला, टक्कल पडलेला, एका गुडघ्यावर पट्टा. बाई म्हणाली, "धनू, पाया पड. आज मोठा दिवस हाये."

मी उभाच राहिलो. मी म्हटलं, "विलास, तुह्या नोकरीच्या आधी चार दिवस, माह्या बापानं त्या साहेबाच्या पायाले हात लावले होते. माह्यासाठी. तू फायनलच्या आदल्या दिवशी म्हनत होता, मामाले भेटू द्या. मंग साहेबानं इचारलं तवा काहून नाही बोलला?"

त्याने गुडघ्यावरचा पट्टा सारखा केला. मग म्हणाला, "मी अठराचा होतो, मामा. त्यायनं माहं नाव इचारलं. मले वाटलं, एकदा नाव तं सांगू." आणि नंतर, "आबाजी... वाकले होते?"

"हौ."

तो खाटेवरून उतरला. मला वाटलं, निघाला. तो खाली बसला, पट्टा बांधलेला गुडघा कसाबसा दुमडत, आणि माझ्या पायाकडे हात नेऊ लागला. भाचा मामाच्या. बाईने "अगं माय" म्हणून तोंडावर पदर धरला. ऋतू दारात होती. माझ्या अंगातून इतक्या वर्षांचा संताप एकदम वर आला आणि मी ओरडलो, बाबांच्याच आवाजात:

"उभा राह्य! या घरात कोनी कोनासमोर वाकत नाही!"

त्याचा हात हवेतच थांबला. पण त्याला उठता येईना. गुडघा अडकला होता, तो एका हाताने जमीन धरून तसाच बसला होता आणि त्याचे डोळे भरले होते. ऋतू पुढे यायला निघाली, तिला मी हाताने थांबवलं. मग मीच त्याला दंडाला धरून उभं केलं.

उभं केलं म्हणून माफ केलं, असं कुणी समजू नये.